लोणारच्या पेट्या

शिरवण्याच्या बसस्टॉपवर एखादा बऱ्या घरचा तरुण दगड चाटताना दिसला, तर शहाण्या मुलीनं काय करावं? छत्री जरा खाली ओढावी, चार पावलं लांब सरकावं आणि बस येईपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघत राहावं. राजेश्वरीनं यातलं काहीच केलं नाही. शहाणपणाची तिला कधीच घाई नव्हती. घाई होती ती बाकी सगळ्याची. ती सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"एवढा पाऊस पडतोय," ती म्हणाली, "दगड ओला आहेच की. जीभ कशाला लावायची?"

तो इतका दचकला की दगड पाठीमागे लपवायला गेला आणि स्वतःच्याच पिशवीत हात अडकवून बसला. "सवय..." तो म्हणाला. मग जरा सावरून, "तुम्हाला कसं कळलं, मी वेडा नाही ते?"

"अजून कुठे कळलंय?"

पानाच्या टपरीवाल्यानं हसू दाबायला तोंड फिरवलं. आता दगड चाटण्यात वेडेपणा नसतो, हे टपरीवाल्याला कोण सांगणार? दगड ओला केला की आतले दाणे आणि बारीक बुडबुडे उठून दिसतात. म्हणून दगडांचा अभ्यास केलेली माणसं जवळ पाणी नसलं की बिनदिक्कत जीभ लावतात. राजेश्वरीही लावायची.

"मीपण चाटते," ती हळूच म्हणाली, "फक्त चारचौघांत नाही."

तेवढ्यात तुर्भ्याची बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि बघते तर तो अजून तिथेच — केस कपाळाला चिकटलेले, हातात तो फुटका काळा दगड आणि डोळे बसवर. नाव विचारायचं राहिलंच. तुर्भे येईपर्यंत तिनं छत्री या हातातून त्या हातात इतक्या वेळा केली की शेजारची बाई म्हणाली, "अगं, खाली ठेव ना ती."

राजेश्वरी भूगर्भशास्त्र शिकून रमीजभाईंच्या ड्रिलिंगच्या कंपनीत लागली होती. नवी मुंबई तेव्हा रोज उठून नवं काहीतरी बांधत होती — स्टेशन, पूल, सोसायट्या. पाया घालण्याआधी जमिनीत मशीन लावून भोक पाडायचं आणि खालचा खडक लाटण्याएवढ्या जाड कांडीच्या रूपात वर काढायचा. त्या कांडीला म्हणायचं कोअर. तुकडे ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं लाकडी पेटीत मांडायचे. वरचा वर, खालचा खाली. मांडणी चुकली की सगळं मुसळ केरात. तुर्भ्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये या पेट्यांची राखण आणि वाचन हे राजेश्वरीचं काम होतं. तिचे आप्पा वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहायचे आणि सोबतच्यांना सांगायचे, "माझी लेक जमिनीच्या पोटातलं वाचती."

दुपारी रमीजभाई शेडमध्ये आले ते पाहुणा घेऊनच. पाहुण्याचे केस आता वाळले होते.

"राजेश्वरी, हे कुलदीप निकम. पुण्याहून आलेत, आपल्या टिळेकर सरांचे विद्यार्थी. लोणारच्या पेट्या बघायच्यात त्यांना."

"आमची ओळख झाली आहे," कुलदीप म्हणाला.

"कधी?" रमीजभाईंनी विचारलं.

"सकाळीच, एका दगडावरून," राजेश्वरीनं पटकन सांगितलं आणि रजिस्टर शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवली. रजिस्टर समोरच होतं.

लोणारच्या पेट्या हा तिच्या काळजाचा तुकडा होता. त्या उन्हाळ्यात टिळेकर सरांच्या संशोधनासाठी, जुन्या ओळखीखातर, रमीजभाईंनी लोणारच्या सरोवराच्या काठावर मशीन पाठवलं होतं. एवढ्या लांब पोरीला एकटी कशी पाठवायची, म्हणून आई वेणूबाई सोबत गेली. राजेश्वरी दिवसभर उन्हात बसून निघेल तो तुकडा स्वतःच्या हातानं पेटीत ठेवायची आणि आई दैत्यसूदनाच्या देवळात जाऊन बसायची. तो अजस्र गोल खड्डा कशानं पडला यावर विद्वानांत वाद होता — सर म्हणायचे ज्वालामुखीनं, बाकीचे बरेचजण म्हणायचे आकाशातून उल्का पडून. वेणूबाईचं तिसरंच मत होतं. देवानं लवणासुराला गाडलं, त्याचा तो खड्डा. "आन् तुमी त्याच्यात भोकं पाडताय," ती म्हणायची.

कुलदीपची रीत उलटी होती. तो सगळ्यात खोलच्या पेटीपासून सुरुवात करून वर वर यायचा. त्यामुळे काठाच्या अगदी वरच्या चार पेट्या शेवटी राहिल्या. आणि या खालून वर येण्यातच श्रावण निम्मा सरला. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, शेडमध्ये ओल्या लाकडाचा आणि डिझेलचा वास असायचा आणि दोन डोकी एका पेटीवर वाकलेली असायची. कधी भिंगासाठी दोघांचे हात एकदम पुढे जायचे. मग दोघंही हात मागे घ्यायचे आणि भिंग तसंच पडून राहायचं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्याला शिरवण्याच्या जुन्या खाणीवर नेलं. सुरुंगांनी डोंगर उभा कापलेला होता आणि त्या कापात लाव्ह्याचे थर एकावर एक दिसत होते.

"वाचून दाखवा," ती म्हणाली.

"परीक्षा का?" तो हसला. "बरं. हा एक लाव्हा वाहत आला, थंड झाला. आतला वायू बुडबुडे होऊन वर चढला, म्हणून वरच्या अंगाला जाळी, खालचं अंग घट्ट. त्यावर माती जमली. मग दुसरा लाव्हा आला, त्यानं ती माती भाजली — म्हणून ही लाल रेघ. पास?"

"काठावर पास. आता सांगा, लोणार कशानं झालं?"

"सर म्हणतात, ज्वालामुखी."

"आणि तुम्ही?"

"मी सरांचा विद्यार्थी."

"ही ओळख झाली. उत्तर कुठे आहे?"

त्यानं खाणीच्या कापाकडे बोट केलं. "अख्खा दख्खन लाव्ह्यानं बनलाय, राजेश्वरी. मग त्यातला एक खड्डा लाव्ह्याचा असला तर बिघडलं कुठे?"

"मग काठावर राख का नाही?"

"पावसानं वाहून गेली."

"तुमच्या सरांना पाऊस फार मदत करतो," ती म्हणाली आणि तो इतका मनापासून हसला की तिला उगाचच घड्याळात बघावंसं वाटलं.

खरं तर उत्तर तिच्या जिभेवर होतं. वरच्या चार पेट्यांत काय आहे, हे तिला उन्हाळ्यापासून माहीत होतं. थर उलटे होते. बुडबुड्यांची जाळी खाली, घट्ट अंग वर. एका फटक्यात जमीन फुटून बाहेर उसळली आणि काठावर पालथी पडली, याचा तो धडधडीत पुरावा. सांगून टाकलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तिला त्याचा चेहरा बघायचा होता... तो स्वतः शोधेल तेव्हाचा. म्हणून ती एवढंच म्हणाली, "आधी सगळ्या पेट्या बघा. मग भांडू."

आणि नेमकं दुसऱ्याच दिवशी रमीजभाईंनी तिला दिघ्याला पाठवलं. तिथे एका कारखान्याच्या पायाचं काम निघालं होतं. दिघ्याच्या चिखलात उभी राहून ती मशीनवर ओरडत होती, मुकादमावर चिडत होती, आलेला चहा तसाच ठेवून विसरत होती. त्यानं वरच्या पेट्या उघडल्या असतील का? काय वाटलं असेल? संध्याकाळी घरी आली तरी एका जागी बसवेना. आप्पांनी ताटावरून वर बघितलं.

"काय गं, पायात भिंगरी बांधली व्हय?"

"काही नाही आप्पा. कामाचं टेन्शन."

"कामाचं टेन्शन असलं की तू भाकरी जास्त खातीस," आप्पा म्हणाले. "आज एकबी संपंना."

दिघ्याचं काम संपल्यावर ती शेडमध्ये पोचायच्या आतच कुलदीप फाटकात भेटला. त्याचं काम झालं होतं, फोटो पुण्याला गेले होते आणि तो दुसऱ्या दिवशी परत जाणार होता. "जरा बाहेर जाऊ या?" त्यानं विचारलं. "मला काहीतरी सांगायचंय."

तिनं शेडकडे एकदाही वळून पाहिलं नाही. पेट्या कुठे पळून जात होत्या?

ते दिवाळे गावच्या धक्क्यावर गेले. भरतीचं पाणी होड्यांना हलवत होतं. पाऊस थांबला होता, पण हवेत ओल होती आणि दोरीवर टांगलेल्या जाळ्यांतून पाणी ठिबकत होतं. टोपली घेऊन बसलेल्या, राजेश्वरीच्या ओळखीच्या जाईबाई कोळणीनं दोघांना आपादमस्तक न्याहाळलं.

"काय गो, यो कोन? नवरा हाय का?"

"नाही," राजेश्वरी म्हणाली.

"अजून नाही," कुलदीप त्याच वेळी म्हणाला.

जाईबाई पदरात तोंड लपवून हसली. राजेश्वरीचे कान तापले. ती भराभरा धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि तो मागून आला.

"सांगा," ती म्हणाली. पाण्याकडे बघतच म्हणाली, कारण त्याच्याकडे बघून हा शब्द उच्चारणं तिला जमलं नसतं.

"दोन गोष्टी आहेत. एक अवघड, एक सोपी. सोपी आधी सांगतो." त्यानं घसा साफ केला. "तुमची एक चूक झाली होती. मी ती निस्तरली."

"माझी चूक?"

"वरच्या चार पेट्या. तुम्ही त्या उलट्या बाजूनं भरल्या होत्या — उन्हातान्हात होतं असं, माझंही झालंय. मी 'वर' आणि 'खाली' या खुणा बदलून टाकल्या, मग फोटो काढले. रमीजभाईंना बोललो नाही. तुम्हाला बोलणी बसायला नकोत, म्हणून." तो लाजत लाजत हसला. "फक्त सरांना सांगावं लागलं. फोटोत खाडाखोड दिसते ना..."

तिला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग वाटलं, ऐकलं ते पुरे झालं. या माणसानं मोठ्या प्रेमानं, तिला कुणी बोलू नये म्हणून, तिच्या नावावर चूक टाकली होती. एवढंच नव्हे तर ज्या पुराव्यासाठी ती उन्हात करपली, तोच पुसून टाकला होता.

"तुम्हाला का वाटलं मी चुकले?"

"थर उलटे होते, राजेश्वरी. असे असूच शकत नाहीत."

"झोपेत पायानं पांघरूण उडवता ना तुम्ही?" ती त्याच्याकडे वळली. "ते कडेला पडतं तेव्हा कसं पडतं? आतली बाजू वर. लोणारच्या काठावर तेच झालंय. थर उलटेच आहेत. ती चूक नव्हती, ते उत्तर होतं. मी तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं... आणि तुम्ही मला विचारलंसुद्धा नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. "पण मी..."

"माझ्या भल्यासाठीच केलंत. माहितीये. तेच तर सहन होत नाहीये."

दुसरी, अवघड गोष्ट सांगायची राहूनच गेली. ती एकटी परतली. जाईबाईनं या वेळी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं तेव्हा रमीजभाई आधीच आत उभे होते. पुण्याहून सरांचा फोन येऊन गेला होता.

"बघ बेटी," ते म्हणाले, "सर बोलले, तुमच्या मुलीनं पेट्या उलट्या भरल्या, आमच्या मुलानं सुधारल्या. प्रेमानंच बोलले. पण पुढच्या महिन्यात वाशीला सभा आहे, तिथे सगळे इंजिनियर, सगळे कॉलेजवाले. तिथे हेच बोलले तर? पेटी उलटी भरणारी कंपनी, असं नाव झालं की आमी संपलो. मग तुला कोअरवरून काढून टेबलावर बसवावं लागेल. माझा इलाज नाही."

टेबलावर... म्हणजे टाइपरायटर, बिलं आणि फोन. जमिनीच्या पोटातलं वाचणं संपलं. राजेश्वरीनं वरून चौथी, खुणा बदललेली पेटी आणि तिच्या खालची पाचवी, खुणा न बदललेली, अशा दोन्ही ओढून शेजारी शेजारी आणल्या. तेवढ्यात दारात सावली पडली. कुलदीप पुण्याची गाडी न पकडता आला होता. रात्रभर झोपला नसावा.

"या," ती म्हणाली. "तुम्हालाही बघायचंय."

कोअर निघताना जागोजाग तुटतो. पण तुटलेली दोन टोकं एकमेकांना ओळखतात — एकाचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसतो, दुसऱ्या कुणाच्या नाही. पाचव्या पेटीतल्या पहिल्या तुकड्याचं वरचं टोक तिनं हातात घेतलं. तिच्या मांडणीप्रमाणे चौथ्या पेटीतला जो तुकडा शेवटचा होता, तो त्यावर टेकवला. जरासा फिरवला. खट्‌ आवाज झाला आणि दोन तुकड्यांची एक कांडी झाली. सांधा नखाला लागेना.

"आता तुमच्या खुणांप्रमाणे," ती म्हणाली आणि चौथ्या पेटीच्या दुसऱ्या टोकाचा तुकडा त्याच्या हातात दिला.

त्यानं लावून बघितला. फिरवून बघितला. तुकडा डगडगत राहिला. तो मान खाली घालून त्या दगडावर वाकला, आणि रागावलेली असूनही राजेश्वरीला त्याच्या मानेवरचा तो ओला केस बाजूला करावासा वाटला. मनुष्यस्वभाव, दुसरं काय.

"मी सरांना सांगतो," तो म्हणाला.

"मला तर पटलं," रमीजभाई म्हणाले. "पण मला पटून काय होतंय? सरांना पटायला पाहिजे. आन् ते त्यांच्या घरच्या माणसानं सांगितलं तरच पटणार."

कुलदीप पुण्याला गेला आणि राजेश्वरीची खरी परीक्षा सुरू झाली. ऑफिसातला फोन वाजला की ती शेडमधून धावत यायची; फोन सिमेंटवाल्याचा असायचा. गणपती आले, बसले, गेले. फोन नाही. त्यानं सांगितलं असेल का? सांगून सर रागावले असतील? की सांगितलंच नसेल? आईनं मोदकाला पारी करायला बसवलं तर तिनं सगळ्या पाऱ्या फाडल्या. रात्री ती स्वतःशी भांडायची — नसेना का फोन, आपल्याला काय? आणि सकाळी पुन्हा फोनकडे कान. तिला त्याचा राग येत होता आणि तो हवा होता. एकाच वेळी दोन्ही. असं असतं हे कुणी तिला कॉलेजात शिकवलं नव्हतं.

सभेच्या दिवशी तिनं ते दोन सांधणारे तुकडे आणि तो न बसणारा तिसरा, असे तिन्ही कापडी पिशवीत घातले. आप्पांनी पिशवी उचलून बघितली.

"मार्केटातनं कांदं आणल्यागत वजन हाय. कुटं चाललीस?"

"आप्पा, मी काम बरोबर केलंय. ते सांगायला चाललेय."

"मंग दमानं सांग," आप्पा म्हणाले. "बरोबर असलेल्या मानसानं घाई करू न्हाई."

वाशीच्या सभागृहात पंखे फिरत होते आणि छत्र्यांचं पाणी दाराशी साचलं होतं. रमीजभाई पुढे बसले, राजेश्वरी शेवटच्या रांगेत. मांडीवरची पिशवी पाय बधिर करत होती. मध्यावर स्लाइडचं यंत्र होतं आणि यंत्रामागे कुलदीप उभा होता. त्यानं तिला पाहिलं. मान हलवली नाही, हसला नाही, खाली बघून स्लाइड्स लावत राहिला.

तिला कळून चुकलं. त्यानं सांगितलं नव्हतं.

टिळेकर सर बोलायला उभे राहिले. पांढरे केस, स्वच्छ आवाज, प्रत्येक वाक्य मोजूनमापून. माणूस गोड होता, हेच वाईट होतं. आयुष्यभर लोणारच्या काठानं पायी हिंडलेला माणूस. लोक परदेशी यंत्रांखाली खडक वितळून झालेले काचेचे कण बघून उल्का म्हणतात, मी थर विचारतो, असं ते म्हणाले. काठावरचे थर आपल्या जागी, सरळ क्रमानं आहेत. स्फोटानं सगळं उलथलं असतं तर ते तसे राहिले असते का?

"मध्यंतरी पेट्या भरताना एक लहानशी चूक झाली होती," सर हसून म्हणाले, "मुलं नवीन असतात. आमच्या कुलदीपनं ती वेळीच दुरुस्त केली. कुलदीप, पुढची स्लाइड."

रमीजभाईंनी मान खाली घातली. राजेश्वरीच्या हाताला पिशवीचा बंद काचत होता. प्रश्न फक्त सभासदांनी विचारायचे, असं सुरुवातीलाच सांगितलं गेलं होतं. तरी ती उठायच्या बेतात होती.

पडद्यावर चौथी पेटी आली. पण डोक्यावर. पेटीवरची अक्षरंसुद्धा पालथी.

सभेत हलकं हसू पिकलं. स्लाइड उलटी लागणं काही नवीन नव्हतं.

"उलटी लागलीये," सर प्रेमानं म्हणाले. "फिरव."

"नाही सर," कुलदीप म्हणाला. "पेटी अशीच होती. उलटी मी केली."

हसू थांबलं. पंख्यांचा आवाज एकदम मोठा झाला.

"मी तुमच्या घरापर्यंत येऊन परत गेलो, सर. दोनदा. तुम्ही इतक्या आनंदात होतात... मला धीर झाला नाही. पेट्या बरोबर भरल्या होत्या. थर उलटे होते म्हणून मला त्या चुकलेल्या वाटल्या, आणि मी विचारायच्या आधीच खुणा बदलल्या. ज्यांनी त्या भरल्या त्या इथे आहेत. माझ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्याकडे दगड आहेत."

सगळ्या माना मागे वळल्या. राजेश्वरी उठली. रांगांमधून पुढे जाताना पिशवी गुडघ्यावर आपटत होती आणि तिला आप्पांचं म्हणणं आठवत होतं — दमानं, दमानं. तिनं तिन्ही तुकडे सरांच्या टेबलावर मांडले. कुठला कुठून आला ते सांगितलं. मग स्वतः जोडले नाहीत. दोन पावलं मागे सरकली.

"तुम्हीच लावून बघा, सर," ती म्हणाली.

टिळेकर सरांनी चष्मा कपाळावर सरकवला. आधी त्यांनी तो तिसरा तुकडा घेतला, ज्यानं त्यांचं बरोबर ठरलं असतं. लावला. फिरवला. पुन्हा लावला. म्हाताऱ्या बोटांनी दगड किती हळुवार धरला होता... त्यांना तो बसायला हवा होता आणि राजेश्वरीलाही, क्षणभर, तो बसावा असं वाटून गेलं. तो बसला नाही. मग त्यांनी दुसरा घेतला.

खट्‌.

सरांनी ती कांडी उचलून उजेडाकडे धरली. सांध्यावरून अंगठा फिरवला. 

"बसतोय," ते म्हणाले.

एवढंच. मग त्यांनी माइकवरून सांगितलं की पेट्यांत चूक नव्हती, ती पेट्या तपासणाऱ्यांच्या बाजूनं झाली, आणि त्यांना आपलं सगळं पुन्हा तपासावं लागेल. 'उल्का' हा शब्द त्यांनी उच्चारला नाही. एका दुपारी तेवढं मागणं बरंही नव्हतं. पण खाली उतरताना ते राजेश्वरीपाशी थांबले. "पुढच्या वेळी काठावर मीच येऊन बसेन, पेट्या भरताना. चालेल ना?" तिनं मान हलवली. रमीजभाई शेजारच्याला मोठ्यानं सांगत होते, "आमच्या कंपनीची आहे."

बाहेर बारीक पाऊस होता. कुलदीप पायऱ्यांवर उभा होता, कुणी हाकलून दिल्यासारखा.

"सर काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"म्हणाले, चार दिवस तोंड दाखवू नकोस. पाचव्या दिवशी ये."

"रागावलेत?"

"खूप. माझी लायकीच आहे ती." त्यानं तिच्याकडे बघितलं. "फोन करत नव्हतो, कारण सांगण्यासारखं काही केलंच नव्हतं. आज तुम्हाला पिशवी घेऊन मागे बसलेलं पाहिलं... वाटलं, आता गप्प बसलो तर सर राहतील, पण तुम्ही कायमच्या गेलात."

"गेलेच होते," ती म्हणाली. "किती छळलंत. तुम्हाला कल्पना नाही. मला तुमचा इतका राग आला की मी दुसरं काही धड केलं नाही. मोदकसुद्धा नाही. आणि तरी रोज वाटायचं, यावं या माणसानं. मला तुम्ही आवडता, कुलदीप. विचारल्याशिवाय कुणाचं भलं करायला जाता, ते सोडून सगळे."

तो एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर आला. 

"दिवाळ्याच्या धक्क्यावर दोन गोष्टी सांगायच्या होत्या," तो म्हणाला. "अवघड राहिली."

"आता सांगू नका."

त्याचा चेहरा उतरला.

"मला विचारायचं काही उरलेलं नाही. माझं ठरलंय. आप्पांना विचारा. ते आत्ता मार्केटात असतील, कांद्याच्या गल्लीत." तिनं पिशवी त्याच्या हातात दिली. "आणि आजच विचारा. उद्यापर्यंत माझ्यानं थांबवणार नाही."

आणि तो छत्री उघडेपर्यंत ती पायऱ्या उतरून चालायलाही लागली होती.